बडग्याला दिलेला कोट

आता काय सांगू, आधी चहाचे कप खाली ठेवा, हसताना सांडतील. लोकांची फजिती दुसरे करतात. माझी मी स्वतः केली, वर तिला घालायला कोटही दिला!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात नंदनवन वस्तीत राहायचो, तिथल्याच शाळेत चौथीला शिकवायचो. झाडांचं भारी वेड होतं मला. म्हणजे, झाडांवर बोलायचं वेड! "मुलांनो, झाड म्हणजे जीव," असं मी टेबलावर हात आपटून सांगायचो. प्रत्येक मुलाला मी एकेक झाड सांभाळायला दिलं होतं. आमच्या शेजारची शालू माझ्याच वर्गात. तिला माझ्या अंगणातला कडुनिंब मिळाला. पोरगी रोज शाळेआधी त्याला बादलीभर पाणी घालायची, त्याच्याशी गप्पा मारायची.

आणि माझी स्कूटर आली! तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, आठवतं ना? घरात लेकरू आल्यासारखा आनंद. पण ठेवायची कुठे? अंगणात तर कडुनिंब. शालू मामाकडे पारशिवनीला गेली होती. मी मजूर बोलावला, झाड तोडलं, टिनाची शेड ठोकली.

बायको म्हणाली, "आता त्या पोरीले काय सांगसान?"

"पाहू न!"

शालू परत आली, फाटकाशी थबकली. "गुरुजी, माहं झाड?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, वादळ आलं होतं. पडलं बिचारं."

तिनं करवतीनं सपाट कापलेल्या बुंध्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाली आणि गेली. मला वाटलं, सुटलो!

मग पोळा जवळ आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीचा पुतळा मिरवत निघतो आणि सोबत बडगे. ज्याच्यावर राग असेल त्याचा पुतळा करायचा, मिरवायचा, शेवटी जाळायचा, तो बडग्या. मी वर्गात जोरात सांगितलं, "यंदा झाडं तोडणाऱ्याचा बडग्या करा!" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, कल्पना पसंत पडली. झाडं तोडणारे म्हणजे जंगलातले ठेकेदार, हे माझ्या डोक्यात पक्कं. माझं काय, माझं तर स्कूटरसाठी होतं!

पोळ्याच्या संध्याकाळी पोरं दारात. शालू पुढे.

"गुरुजी, जुना कोट द्या नं."

दिला. वर टोपी दिली, फुटका चष्मा दिला.

"तुमाले राग तं नाही येणार?"

"मला कशाला? ज्यानं झाड तोडलं त्याला येऊ दे!"

आतून बायको कळवळली, "अवो, काय देऊन राहिले, काही समजते का तुमाले?"

"जुनाच तर आहे!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी चौकात ही गर्दी. मी हेडमास्तरांच्या शेजारी उभा. ढोल वाजवत बडग्या आला. पुठ्ठ्याच्या स्कूटरवर बसलेला, हातात करवत! "झाडं तोडणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!" पोरं ओरडत होती. सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडत होतं? मी!

हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, कोट ओळखीचा वाटून राहिला."

"माझाच आहे!" मी छाती फुगवून सांगितलं.

तेवढ्यात बडग्या आमच्याकडे वळला. गळ्यात पाटी होती, 'माझे नाव वादळ.'

गर्दी पोट धरून हसत होती. शालू मात्र हसत नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर तिला हाक मारली. "चुकलं गं माझं. जाळला न बडग्या? गेला आता राग?"

"राग गेला, गुरुजी. पण झाड कुठं आलं?"

मी शेडमध्ये जाऊन स्कूटर पुसत बसलो.

पुढच्या मे महिन्यात ती शेड अशी तापली की स्कूटरच्या सीटवर पापड भाजून घ्यावा. शेवटी मी गुपचूप गल्लीच्या टोकाला, दुसऱ्याच्या कडुनिंबाखाली स्कूटर ठेवायला लागलो आणि घरी उन्हातून पायी यायला लागलो. रोज वाटेत तेच मनात यायचं, अरे, आपल्या दारात होती की ही सावली!

पाऊस सुरू झाल्यावर शेड मोडली. शालूला बोलावून तिच्या हातात कडुनिंबाचं रोप दिलं. तिनं खड्डा केला, रोप लावलं, माती दाबली, भोवती काट्यांचं कुंपण केलं. पाणी घालता घालता थांबली.

"गुरुजी, एक विचारू?"

"विचार न."

"तुमाले आता कार तं नाही घ्यायची?"