आईला ऐकू आलं ते

मी कॉम्प्युटरवाला माणूस. चमत्कार वगैरे कुणी सांगू लागलं की हसणारा. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडतंय... पण आईचं आहे, म्हणून लिहितोच.

२००७ च्या आसपासची गोष्ट. हिंगोलीत एका खाजगी कंपनीच्या केंद्रात मी सिस्टीम सांभाळायचो. भरती परीक्षांचे पेपर तिथल्या सर्व्हरवर असत. आत मोबाईल बंद, इंटरनेट नाही, दाराला दोन कुलपं. वडील गेल्यावर आई आमच्या गावाहून, डोंगरकड्याहून, माझ्याकडे आली आणि केंद्रातच झाडलोटीला लागली. टायफॉईडमध्ये तिचे दोन्ही कान गेलेले. ओठ बघून समजायचं, तेवढंच.

एक दिवस कळलं, सर्व्हरचा पासवर्ड बाहेर गेलाय. तो फक्त मला माहीत! साहेब म्हणाले, "दोन दिवसांत काय ते सांगा. नाहीतर पोलीस."

नांदेडहून तज्ज्ञ आले. सगळं सॉफ्टवेअर तपासलं — काही नाही.

दुसऱ्या दुपारी फरशी पुसता पुसता आई थांबली. माझ्या कीबोर्डवर बोट ठेवून म्हणाली, "हे काहून बोलून राहिलं?"

मी हातानंच 'काही नाही' म्हटलं.

"मला ऐकू येऊन राहिलं ना. कुणी चोरून बोलल्यावाणी."

तज्ज्ञ हसले. तरी त्यांनी स्क्रू काढले. आत नखाएवढं सर्किट चिकटवलेलं, त्याला केसासारखी तार. दाबलेलं प्रत्येक अक्षर ते बिनतारी बाहेर पाठवत होतं. कीबोर्ड महिन्यापूर्वीच दुरुस्तीहून आलेला.

माझ्यावरचा संशय गेला. पण तज्ज्ञांना चैन पडेना. त्यांनी सहा सारखे कीबोर्ड जोडले, आईला बाहेर पाठवून एकात ते सर्किट बसवलं. असं तीनदा. तिन्ही वेळा आईनं बराबर त्याच कीबोर्डवर हात ठेवला. साहेब स्वतःच्या खुर्चीवरून उठले — "मावशी, बसा इथं." माझे डोळे भरून आले.

पुढे मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ऐकणं शून्य. चालू मोबाईल कानाशी धरला, रेडिओ लावला... काही नाही. मग तेच कसं ऐकू आलं? मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर केंद्रात येणारं प्रत्येक यंत्र आधी आईसमोर जायचं. नोंदवहीत 'तपासले' या रकान्यात तिची सही असे, तेवढ्यासाठी शिकलेली, जरा वाकडी. नोकरी सोडताना त्यातलं एक पान मी साहेबांकडून मागून घेतलं.