पाण्याच्या कूलरजवळची खुर्ची

माझ्या थोरल्या भावाने आयुष्यात एकही रोजा सोडला नाही, आणि ही गोष्ट सांगायची एकही संधी सोडली नाही. लग्नात सांगितली, मयतीत सांगितली, एकदा तर दाताच्या डॉक्टरने तोंडात आरसा घातलेला असताना सांगितली. "दहाव्या वर्षापासून! एकही नाही!" डॉक्टर म्हणाला, "बरं, आता तोंड उघडं ठेवा." आमच्या भावाला तोंड उघडं ठेवायला सांगावं लागतं, याचंच मला हसू आलं.

तोंडावर मी त्याला भाईजान म्हणतो आणि अहोजाहो करतो. इथे करणार नाही.

आम्ही दोघंही एका मोठ्या लाँड्रीत कामाला. हॉस्पिटलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे, सगळं आमच्याकडे धुवायला येतं. मी बॉयलरवर. वाफ सोडायची, दाबाच्या काट्यावर डोळा ठेवायचा. भाऊ सुपरवायझर. त्याचं काम काय, हे मला एकवीस वर्षांत कळलं नाही. हातात पॅड घेऊन तो फिरायचा आणि चालू मशीनकडे बघून "चालू आहे ना?" विचारायचा.

रमजान लागला की मात्र त्याला काम मिळायचं. पहिल्या दिवशी सकाळी तो आपली खुर्ची उचलायचा आणि पाण्याच्या कूलरशेजारी नेऊन टाकायचा. महिनाभर मुक्काम तिथेच. का, तर आमच्यातले बहुतेक कामगार रोजा ठेवणारे, आणि कुणाची नियत डळमळली तर सावरायला कुणीतरी हवं. कुणी नुसतं तोंडावर पाणी मारायला आलं तरी हा मान पुढे काढून बघायचा, एखादा थेंब आत गेला का. चादरींच्या घड्या घालणारी एक बाई आमच्या धर्माची नव्हती. तीही त्याच्यासमोर पाणी प्यायची नाही. बाटली ओढणीखाली लपवून संडासात जायची. अशी ह्याची दहशत.

शिवाय त्याच्याजवळ एक डबा असायचा, थुंकायला. थुंकी गिळली की रोजा मोडतो, असं त्याने कुठून तरी डोक्यात घेतलं होतं. मौलवींनी दहादा सांगितलं, "अरे बाबा, नाही मोडत." पालथ्या घड्यावर पाणी. दिवसभर पचापच. चादरी हॉस्पिटलच्या, वास जंतुनाशकाचा, आणि मधोमध हा डबा घेऊन बसलेला धर्मात्मा.

घरी वेगळा अवतार. आम्ही एकत्रच राहतो, म्हणून मला ठाऊक. पहाटे, उजाडायच्या आधी जेवून घ्यायचं असतं. भाभी त्याच्याही आधी दीड तास उठायची. तीही रोजा ठेवायची, पण ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. पोळी जरा कडक झाली की तो ताट सरकवायचा. "रोजेदाराला असलं देतेस? गुन्हा लागेल तुला." ती दुसरी पोळी लाटायची. एकदा दुसरी लाटता लाटता वेळ संपली आणि ती तशीच उपाशी राहिली. त्याने ढेकर दिला आणि झोपला. संध्याकाळी मी तिला विचारलं, "भाभी, चक्कर नाही आली?" ती म्हणाली, "यायला वेळ कुठे होता, भाऊजी?"

आता चाचांचं सांगतो. सख्खे नाहीत, पण लाँड्रीत सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर त्यांची बत्तीस वर्षं गेली. ओली चादर दोन्ही टोकांना धरायची, ताणून तापलेल्या रोलरखाली सरकवायची, पलीकडून ती कोरडी, सपाट बाहेर येते. चाचांच्या हातून गेलेल्या चादरीला सुरकुती शोधून सापडायची नाही. माणूस बारीक, आवाज त्याहून बारीक. त्यांना साखरेचा आजार. रोज सकाळी इंजेक्शन. डॉक्टरने रोजा ठेवायला साफ मनाई केली होती, आणि त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. आजाऱ्याला धर्मानेच सूट दिलेली आहे. जो कधीच ठेवू शकणार नाही, त्याने प्रत्येक रोजामागे एका गरजूला जेवू घालायचं, बस. चाचा ते करायचे. रोज एक डबा जास्तीचा आणायचे आणि लाँड्रीच्या मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या एका आंधळ्या म्हाताऱ्याला द्यायचे. मला हे माहीत, कारण बॉयलरची खिडकी त्याच बाजूला उघडते. त्यांनी स्वतःहून कधी कुणाला सांगितलं नाही.

स्वतः मात्र ते वाळत घातलेल्या चादरींच्या आड जाऊन दोन बिस्किटं आणि घोटभर पाणी घ्यायचे. दुसऱ्यांना बघून त्रास नको म्हणून.

सतराव्या रोज्याला भावाने त्यांना पकडलं. मला वाटतं, तो पाळतीवरच होता. त्याने चादर सर्रकन बाजूला ओढली, पडदा उघडावा तशी, आणि ओरडला, "या, या, सगळे बघा! पांढरी दाढी आणि बिस्किटं!"

मशीनं चालूच होती, पण माणसं थांबली. चाचांच्या हातात अर्धं बिस्कीट.

"मला साखर आहे, सुपरवायझर," ते म्हणाले.

"साखर कुणाला नाही? माझ्या सासऱ्याला होती, मरेपर्यंत ठेवले त्याने! वर गेल्यावर काय दाखवणार? डॉक्टरची चिठ्ठी?"

मी बॉयलरच्या दारात उभा होतो. "भाईजान, जाऊ द्या ना," एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्याने माझ्याकडे वळून एकच शब्द टाकला, "वाफ!" म्हणजे, आपल्या वाफेकडे बघ. आणि मी बघितली. हेही सांगायला हवं.

चाचांनी उरलेलं अर्धं बिस्कीट रुमालात बांधलं आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी आंधळ्या म्हाताऱ्याला डबा आला, पण चाचा चादरींच्या आड गेले नाहीत. दुपारी मी मुद्दाम जवळून गेलो. ओठ सुकलेले.

"चाचा, तुम्ही रोजा ठेवलाय?"

"हो रे. बघू."

"इंजेक्शन घेतलंत?"

"ते घ्यावंच लागतं."

मी अडाणी आहे, पण इंजेक्शन घेऊन उपाशी राहिलं की अंगातली साखर एकदम खाली जाते, हे मलाही कळत होतं. सुपरवायझरलाही कळायला हवं होतं, पण तो डब्यात थुंकत होता.

साडेचारच्या सुमाराला मला रोलरचा आवाज वेगळा वाटला. मोकळा चालला तर तो घरघरतो. बाहेर येऊन बघतो, तर चाचा उभे, पण डोळे कुठेच नाहीत. अंगाला घाम असा सुटलेला की सदरा पिळून घ्यावा. चादर हातातून सुटलेली आणि डावा हात आपोआप पुढे चाललेला, रोलरच्या तोंडाशी. मी धावत जाऊन लाल दांडा खाली ओढला. रोलर थांबला, पण तीन बोटं पोळली होती. चाचा माझ्या अंगावर कलंडले.

"साखर आणा! काहीतरी गोड आणा!" मी ओरडलो.

लाँड्रीत रमजानच्या दुपारी गोड कुठून येणार? सगळ्यांचे डबे संध्याकाळी घरून यायचे. फक्त एकाच माणसाचा इफ्तार, म्हणजे सूर्य मावळल्यावर रोजा सोडायचं सामान, दुपारपासून तयार असायचं. खुर्चीच्या पाठीला लटकवलेली जाडजूड पिशवी. त्यात खजूर, फळं आणि सरबताची मोठी बाटली. तासातासाला तो पिशवीचं तोंड उघडून आत बघायचा.

मी चाचांना घड्यांच्या बाईच्या हवाली केलं आणि खुर्चीकडे धावलो. भाऊ उभा राहिला होता. पिशवी त्याने छातीशी धरली होती. मला वाटलं, तो ती घेऊन आमच्याकडेच येतोय.

"द्या," मी म्हणालो.

"थांब, थांब. दोन तास उरलेत. त्याचा रोजा मोडेल ना!"

"भाईजान, माणूस मरतोय!"

"अरे, मग नाक्यावरच्या कँटीनवाल्याकडून..." तो बोलत राहिला, आणि पिशवीवरचे त्याचे दोन्ही हात आणखी घट्ट झाले. मी तेव्हा त्याच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होतो. चाळीस वर्षं हा माणूस उपाशी राहिला. उपाशी माणसाला काय होतं, हे ह्याच्याइतकं कुणाला कळायला हवं होतं? आणि चाळीस वर्षांच्या भुकेतून ह्याने काय मिळवलं, तर पिशवी धरायची ती पकड.

मी पिशवी हिसकली. एक बंद तुटला. खजूर जमिनीवर घरंगळले आणि माझा भाऊ, सुपरवायझर, रोजेदार, खाली वाकून ते वेचायला लागला. तिकडे मी चाचांच्या ओठांना बाटली लावून चमचाभर, चमचाभर सरबत पाजत होतो. पाच-सात मिनिटांनी चाचांची नजर जागेवर आली. त्यांनी पहिलं काय विचारलं, तर "चादर जळली का?"

त्यांना हॉस्पिटलात नेलं. आमच्याच चादरीवर झोपवलं.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो, तोवर लाँड्रीत एक नवी गोष्ट फिरू लागली होती. सुपरवायझरने प्रसंगावधान राखलं. सुपरवायझरने आपल्या तोंडचं सरबत देऊन म्हाताऱ्याला वाचवलं. सांगत कोण होता, तर सुपरवायझर स्वतः. मालकाने त्याची पाठ थोपटली. मशिदीत दोघांनी त्याचा हात हातात घेतला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

हॉस्पिटलच्या खाटेशेजारी बसून मी चाचांना सगळं सांगितलं. पिशवी कशी धरली, खजूर कसे वेचले, डबा, थुंकी, भाभीची पोळी. एकेक प्रसंग रंगवून, त्याचा आवाज काढून सांगितला. बाजूच्या खाटेवरचा पेशंटही हसायला लागला. मला चेव आला.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सरबत त्याचंच होतं ना? मग खोटं काय बोलला?"

"चाचा, तुम्हीसुद्धा!"

"तुझा आज रोजा आहे?"

"आहे."

"मग मघापासून काय खातोयस?"

मला क्षणभर कळेना. मी तर काही खाल्लं नव्हतं.

"पाठीमागे कुणाची निंदा करणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं, असं लहानपणी शिकवतात आपल्याला. तू तर सख्ख्या भावाचंच खातोयस. चवीने."

मी चिडलो. म्हणालो, "आणि त्याने तुम्हाला मारायला घेतलं होतं, त्याचं काय?"

चाचांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला. "त्याने कुठे? मीच. मी रोजा कुणासाठी ठेवला? अल्लाहने तर मला सूट दिली होती. मी ठेवला सुपरवायझरसाठी. चार लोकांत मान खाली गेली म्हणून. असल्या रोज्याचं काय करायचं?" मग म्हणाले, "तरुणपणी मी त्याच चादरींच्या आड उभा राहायचो. भर उन्हाळा, हातात गार पाण्याचा गडू, बघायला कुणी नाही. पिऊन तोंड पुसलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तरी प्यायचो नाही. गडू तसाच ठेवायचो. तेव्हा वाटायचं, कुणीतरी आहे इथे, माझ्या आणि त्या पाण्याच्या मध्ये. रोजा तेवढ्यासाठीच असतो रे. तो आहे, हे अंगात मुरावं म्हणून. तुझा भाऊ कूलरपाशी येऊन बसला आणि त्याने तेवढंच काढून घेतलं लोकांकडून. आता लोक त्याच्या भीतीने पाणी पीत नाहीत."

"मग मी काय वाईट बोललो?"

"मी त्याच्या तोंडावरही हेच बोलेन. तू बोलशील?"

तोंडावर मी त्याला भाईजान म्हणतो.

उरलेले दहा रोजे मी तोंड बंद ठेवून काढायचं ठरवलं. भावाबद्दल एक शब्द नाही. तुम्हाला वाटेल, सोपं आहे. पाण्याविना राहणं त्यापुढे पोरखेळ. जेवणाच्या सुट्टीत पोरं विचारायची, "खरंच सुपरवायझरने वाचवलं का?" आणि घशाशी आलेलं मी परत गिळायचो. दुसऱ्याच दिवशी भाभीने विचारलं, "भाऊजी, दाढ दुखतेय का?" चौथ्या दिवशी मी घसरलो. बॉयलरच्या मदतनिसाला अर्धी गोष्ट सांगून बसलो. पाचव्या दिवसापासून पुन्हा सुरुवात केली.

चाचा ईदच्या आधी दोन दिवस कामावर आले. बोटांवर नवी, गुलाबी कातडी. रोलर आता दुसऱ्याकडे गेला होता, त्यांना घड्या घालायला बसवलं होतं. ते सरळ भावाच्या खुर्चीपाशी गेले, सगळ्यांच्या देखत कूलरमधून ग्लास भरला आणि बसून, सावकाश, तीन घोटांत प्याले. मग म्हणाले, "सुपरवायझर, तुम्ही इथून उठा. इथे बसायचं काम तुमचं नाही."

भावाचं तोंड उघडलं. तो चाचांच्या बोटांकडे बघत होता. काय वाटलं त्याला, देव जाणे. लाजला असेल, असं मी मुळीच म्हणणार नाही. मालकाच्या कानावर जाईल, एवढाच हिशोब त्याने केला असेल. पण उठला. "मी तर वाऱ्यासाठी बसत होतो," असं पुटपुटत खुर्ची ओढत गेला. त्या दुपारी घड्यांची बाई कूलरपाशी आली आणि तिथेच उभी राहून पाणी प्याली.

ईदच्या नमाजानंतर भाऊ माझ्याजवळ आला. नवा कुर्ता, अत्तर एवढं की शेजारच्याला शिंक यावी. "चाळीस वर्षं पूर्ण झाली," तो म्हणाला. "एकही नाही सोडला."

"मुबारक, भाईजान," मी म्हणालो आणि गळाभेट घेतली, एकदा, दोनदा, तीनदा. अगदी मनापासून घेतली असं सांगितलं तर ते खोटं होईल. तो मला आवडत नाही, आणि यापुढे आवडेल असंही वाटत नाही. पण त्या वेळी माझ्या जिभेवर त्याच्याविरुद्ध काही नव्हतं, एवढं खरं.

आता तुम्हाला हे सगळं सांगितलं. चाचांना कळलं तर विचारतील, आज काय खाल्लंस म्हणून.