आखडलेला हात

साधारण चौतीस सालची गोष्ट असेल. मी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते. नवरा गिरणीत कारकून. आम्हाला मूलबाळ नव्हतं. उजव्या छातीत गाठ हाताला लागली, ती मी बरेच महिने कुणाला सांगितली नाही. शेवटी दाखवायला गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एकदाच चाचपून पाहिलं आणि छाती काढावी लागेल, काखेतल्या गाठीही काढाव्या लागतील, असं सांगितलं. मी बरं म्हटलं. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय आणि आपण दाराशी उभं राहून ऐकतोय, असं वाटत होतं.

क्लोरोफॉर्ममधून शुद्धीवर आले तेव्हा हात अंगाशी बांधलेला होता. घरी आल्यावर पट्ट्या सुटल्या, पण हात तसाच बरगड्यांना चिकटून राहिला. कोपरापासून पुढे सगळं ठीक होतं, बोटं हलत होती. खांदा मात्र उघडेना. जरा वर न्यायला गेलं की काखेत दोरी ताणल्यासारखं व्हायचं आणि हात तिथंच अडायचा. दुखायचं म्हणावं तर तेही नीट नव्हतं. काखेखालची आणि दंडाच्या आतली कातडी पार बधिर झाली होती. डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं भिंतीवरून वर चालवत न्यायची, रोज. नाही केलं तर हात कायमचा धरून बसेल. मी ते ऐकून घेतलं होतं. केलं मात्र काहीच नाही.

दिवसभर मी खिडकीशी बसायची. समोरच्या घरात तेलुगू विणकरांचे माग चालायचे, ती खटखट ऐकत. गिरणीचा भोंगा झाला की नवरा येणार एवढं कळायचं. केस विंचरता येत नव्हते, चोळीच्या बाहीत हात जात नव्हता, भाकरी थापणं तर दूरच. त्याचं मला वाईटही वाटत नव्हतं.

नवऱ्यानं त्याच्या थोरल्या बहिणीला अक्कलकोटकडच्या गावाहून बोलावून घेतलं. त्या विधवा होत्या, दिराच्या घरी राहायच्या. आम्ही त्यांना अक्का म्हणत असू. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. आल्या त्या दिवशी त्यांनी माझी जखम पाहायला मागितली. आजवर घरातल्या कुणी ती पाहिली नव्हती, नवऱ्यानंही नाही. मी पदर बाजूला केला. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग पदर नीट केला आणि चुलीकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या दोन चोळ्यांच्या उजव्या बाह्या उसवून तिथं बंद लावले.

डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय ते त्यांनी भावाकडून काढून घेतलं असावं. दुपारी भांडी झाली की त्या मला भिंतीशी उभं करायच्या, कोपराखाली आपला तळवा धरायच्या आणि म्हणायच्या, “उचल की.” माझी बोटं चुन्यावरून सरकत थोडी वर जायची आणि अडायची. त्या ओढायच्या नाहीत, पण सोडायच्याही नाहीत. हात जिथं अडला असेल तिथंच धरून उभ्या राहायच्या. त्यांचं स्वतःचं अंग थकलं की “साकू” म्हणायच्या, म्हणजे पुरे, आणि मी पुन्हा खिडकीशी जाऊन बसायची.

एका दुपारी अशाच उभ्या असताना त्यांनी विचारलं, “दुकतंय का?”

“नाही.”

“मग रडतीस कशाला?”

मी डाव्या हातानं गाल पुसला. तो ओला होता. कधीपासून, ते मला कळलं नव्हतं. मी तसं सांगितलं. अक्कांनी मान हलवली, हात काही खाली घेऊ दिला नाही.

त्याच सुमाराला अक्कांना ताप आला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. धुणं तसंच बादलीत पडलेलं. माझा हात वलणीपर्यंत जात नव्हता. कामावर निघालेल्या नवऱ्यानं कोट काढून खुंटीला लावला, बादली घेऊन बाहेर गेला आणि माझं नऊवारी लुगडं पिळून, झटकून वलणीवर घातलं. टोकं जुळवली, सुरकुत्या काढल्या. शेजारची बाई काहीतरी बोलून हसली. तो वळला नाही. पुरुषानं बायकोचं लुगडं वाळत घालणं त्या काळी आमच्या आळीत कुणी पाहिलं नव्हतं. मी दारातून बघत होते. आता भरून यायला हवं, हे मला समजत होतं. पण आत काही हललं नाही. मी त्याला कोट दिला आणि तो गेला.

अक्का बऱ्या झाल्यावर भिंत पुन्हा सुरू झाली. फरक पडला तो फार हळू. आधी बोटं तोंडापर्यंत पोचली, मग कपाळापर्यंत. एक दिवस काखेत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि मी ओरडले. अक्का म्हणाल्या, “आता दुकलं व्हय? लई बरं झालं.” त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

हात डोक्यापर्यंत गेला, त्यापुढे मात्र नाही. शाळा उघडल्यावर मी रुजू झाले. फळ्याच्या वरच्या भागावर मला लिहिता येत नव्हतं. मुख्याध्यापकबाईंनी फळा उतरवून खाली बसवायला सांगितला, आणि मागच्या मुली पुढे येऊन जमिनीवर बसू लागल्या.

अक्का ज्वारीच्या सुगीआधी गावी परत गेल्या. स्टेशनवर मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझा उजवा दंड आतल्या, बधिर बाजूनं धरून मला उठवलं. त्यांची पकड मला जाणवली नाही. त्यांचा हात दंडावर आहे हे मी फक्त पाहिलं, आणि त्या गाडीत चढेपर्यंत पाहत राहिले.