मोहाच्या ढोलीतून काढलेला आठवा फोटो

वर्गात कुणी भुताची गोष्ट सुरू केली की मी त्याला उभं करून तेराचा पाढा म्हणायला लावायची. तीसेक वर्षं मास्तरकी केली, आणि या तीस वर्षांत अंगारा, उतारा, नजर यातलं काहीही मी घरात येऊ दिलं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की बाई भोळी असावी. मी भोळी नव्हते, आजही नाही. पण एक फोटो आहे... आणि त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

साल चव्वेचाळीस, युद्धाचा काळ. आमचं गाव तिरोड्याहून चोरखमाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर. तिथल्याच शाळेत मी नुकती बाई म्हणून लागले होते. घराच्या मागे वाडी होती, आणि वाडीच्या टोकाला मोहाचं जुनं झाड. त्याच्या खोडात, दोन माणसांच्या उंचीवर, एक ढोली होती. तोंड एवढंसं की माझा हात कसाबसा आत गेला असता. त्या ढोलीत दरवर्षी पिंगळ्यांची जोडी अंडी घालायची. पिंगळा म्हणजे मुठीएवढं घुबड, पिवळ्या डोळ्यांचं, दिवसाउजेडीसुद्धा दारात येऊन बसणारं. गावाला तो पक्षी अशुभ वाटायचा. माझ्या भावाला मात्र त्याचं वेड होतं.

भाऊ म्हणजे वासुदेव, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. गोंदियाला मोटारदुरुस्ती शिकला, आणि तिथूनच फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाला. त्याच्याकडे एक जुना बॉक्स कॅमेरा होता. पौषात सुट्टीवर आला तेव्हा त्यात नवा रोल भरून माझ्या हातात दिला.

"सुमे, यात आठ फोटो हायेत. आठही पिंगळ्याचेच काढजो. हप्त्याला एक. पिल्लं उडेपर्यंत पुरले पायजे."

"अन् माझा एक काढला तं?"

"तुले पाहाले मी हाओ ना. पिल्लं पुन्हा इतकी लहान होत नाही."

तो आसामकडे गेला. फाल्गुनापर्यंत पत्रं आली, मग थांबली. चैत्र लागायच्या सुमारास सरकारी कागद आला : बेपत्ता. मृत नव्हे, फक्त बेपत्ता. मायनं तो कागद मला तीनदा वाचायला लावला. वडील लहानपणीच गेले होते, घरात कर्ते आमचे काकाजी. ते वाडीत जाऊन बसले, आणि परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

मी मात्र फोटो काढत राहिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. रविवार आला की चारच्या उन्हात तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगावर चढायचं, कॅमेरा पोटाशी धरायचा, वरच्या काचेत बघत श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. पहिले तीन फोटो नुसते आईबापांचे — एकदा मादी ढोलीच्या तोंडाशी, एकदा दोघं अंगाला अंग लावून, एकदा नराच्या चोचीत पाल. चौथ्या रविवारी आतून पांढरट कापसासारखं एक डोकं वर आलं. मग दोन, मग तीन. तिघांची रेटारेटी चालायची, पुढचं मागे आणि मागचं पुढे. सातव्या रविवारी सर्वांत धीट पिल्लू बाहेरच्या फांदीवर येऊन पंख ताणत होतं. मी ढिगावर बसून एकटीच हसले. कागद आल्यानंतर पहिल्यांदाच.

आठव्या रविवारी तिन्ही पिल्लं खालच्या फांदीवर ओळीनं बसली होती, त्यामुळे ढिगावर चढायचं काम पडलं नाही. मी झाडाखाली जमिनीवर उभी राहिले, मान खाली घालून काचेत बघितलं. तिन्ही दिसत होती, अगदी स्पष्ट. खटका दाबला. वाडीत मी आणि माय, दोघीच. माय पंधरा पावलांवर मोहफुलं वाळत घालत होती. तिसरं कुणी नव्हतं. हे मी शपथेवर सांगू शकते. सोमवारी बघितलं तर फांदी रिकामी — पिल्लं उडून गेली होती.

वैशाखात रोल घेऊन गोंदियाला गेले. स्टेशनजवळ एक लहानसा स्टुडिओ होता, मालक म्हातारे, हिंदी बोलणारे. संध्याकाळच्या गाडीआधी फोटो देतो म्हणाले. मी परत गेले तेव्हा त्यांनी निगेटिव्हची पट्टी उजेडात धरली होती.

"बाई, ये आखरीवाला किसने लिया?"

"मीच. सगळे मीच काढले."

"आप तो इसमें खड़ी हो." त्यांनी प्रिंट माझ्यापुढे सरकवला. "कोई झाड़ पे चढ़ा था क्या?"

फोटोच्या चारी बाजूंनी काळी, खडबडीत गोल कडा होती, घागरीच्या आतून बाहेर बघावं तशी. खाली लांबवर जमीन. जमिनीवर मी — मान खाली, मागे सरकलेला पदर, मधला भांग, पोटाशी धरलेला कॅमेरा. म्हणजे हा फोटो ढोलीच्या आतून काढलेला होता. आणि ज्या कॅमेऱ्यानं तो निघाला, तो फोटोत माझ्याच हातात होता.

माझ्या शेजारी, हातभर अंतरावर, एक माणूस उभा होता. डोक्याचा पूर्ण गोटा, डावा हात झोळीत बांधलेला. तोंड वर करून थेट ढोलीकडे बघत हसत होता. पुढचा अर्धा दात तुटलेला. तो दात लहानपणी माझ्याच धक्क्यानं तुटला होता.

मी पट्टी मागून घेतली आणि उजेडात धरली. पट्टी कापलेली नव्हती : सात पिंगळे, आणि त्यांना लागून हा. रोल बदलला असेल म्हणायलाही जागा नव्हती.

घरी दाखवू नये असं ठरवलं होतं. पण मायनं माझं तोंड बघितलं आणि हात पुढे केला. तिनं फोटो पाहिला. काकाजींनी पाहिला आणि ते खाटेवर बसले. मग म्हणाले, "वहिनी, पोरगा गेला. डोक्शाचे केस गेलेले, घराच्या मागं येऊन उभा... तो पाणी मागून राहिला. आपण त्याले असं अडकवून नाही ठेवावं."

त्यांनी भटजींना विचारलं. अमावास्येला त्याच्या तेराव्याचे विधी करायचे ठरले. गावात बातमी पसरली, आणि त्या घुबडांच्या झाडाला कुऱ्हाड लावा असंही दोघातिघांनी सुचवलं. मी, पाढे म्हणायला लावणारी बाई, तीन रात्री झोपले नाही. भीती फोटोची नव्हती. काकाजींचं बरोबर असेल याची होती.

चौथ्या दिवशी मी शाळेतलं भिंग घरी आणलं आणि फोटो पुन्हा बघायला बसले. तेव्हा लक्षात आलं. "माय, इकडे ये. माझी सावली पाह्य कुठं पडून राहिली."

"पडली उजवीकडे. मंग?"

"अन् त्याची पाह्य."

तिनं भिंग हातात घेतलं. त्याचीही सावली उजवीकडेच पडली होती, माझ्याएवढीच लांब. माय बराच वेळ वाकून होती. ती सावली बघत नव्हती. तिची स्वतःची वेगळी परीक्षा चालली होती.

"पाय सरळ हायेत," ती म्हणाली. "बोटं समोर हायेत." मग उठली, ओसरीवर गेली आणि काकाजींना म्हणाली, "भटजीले नोको म्हना. माझा पोरगा जित्ता हाय."

"वहिनी, कायले जिवाले त्रास करून घेता?"

"पाहू दिवाळीपर्यंत. तोवर झाडालेही हात लावाचा नाही."

काकाजी पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण विधी झाले नाहीत.

श्रावणात धानाची रोवणी चालू होती. मी बांधावर बायांना चहा देत होते. माय गुडघेदुखीमुळे बांधावर कधी यायची नाही. त्या दिवशी ती चिखलातून एकेक पाऊल टाकत आली. जवळ आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सुमे, भाऊ आला. भात कमी पडंल, घरी चाल."

मी कशी पोचले ते आठवत नाही. तो ओसरीवर बसला होता, हाडांचा सापळा. डोक्यावर बोटभर केस, डावा हात वाकडा. लॉरी दरीत गेली होती. हात मोडला, नंतर विषमज्वर झाला, ओळखीचा बिल्ला हरवला, आणि दोन महिने आसामच्या एका इस्पितळात तो बिननावाचा पडून होता. तापात इस्पितळवाल्यांनी त्याचं डोकं भादरलं. केव्हा, म्हणून विचारलं, तर नर्सनं नंतर सांगितलेला हिशोब चैत्र-वैशाखाचा होता. बरं वाटल्यावर त्यानं टाकलेलं पत्र आम्हाला पोचलंच नाही. काकाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आठ दिवसांनी जेवताना मी त्याला फोटो दाखवला. त्यानं उलटसुलट करून बघितला.

"तुले तेव्हा काही दिसलं होतं का? सपन वगैरे?"

"काई नाही. तहान लागे, एवढंच आठवते. काऊन?" मग म्हणाला, "पिल्लं किती उडाली?"

"तिन्ही."

"बेस झालं," तो म्हणाला, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पुढे अनेकांनी लॉजिक लावून बघितलं. भाच्यानं डबल एक्सपोझर म्हटलं. असेलही. पण ढोलीच्या तोंडातून तो कॅमेरा आत जाऊ शकत नव्हता, मी स्वतः लावून पाहिला. आणि फांदीवरच्या तीन पिल्लांचा फोटो मी घेतला होता, तो त्या रोलवर कुठेच नाही. तो कुठे गेला? मला माहीत नाही. विचारायचंही मी आता सोडलं.

मला एवढंच कळतं की त्या अमावास्येला आम्ही जिवंत माणसाचं तेरावं घालून बसलो असतो, आणि श्रावणात तो दारात उभा राहिला असता. ते टळलं. भाऊ त्यानंतर चाळीस वर्षं जगला — लग्न, पाच लेकरं, मोटारीचं गॅरेज, सगळं झालं. त्याचं तेरावं त्याच्या नातवांनी केलं. वेळेवर.