मामा आणि अडून बसलेला कॉम्प्युटर

लागोपाठच्या दुष्काळात विहीर आटली, तेव्हा माझे सासरे लासूर स्टेशन सोडून आमच्याकडे राहायला आले. आम्ही हर्सूलच्या पलीकडे नव्या वसाहतीत नुकतंच घर घेतलं होतं. आमच्या दारापुढे डांबर संपायचं आणि चुन्यानं आखलेले प्लॉट सुरू व्हायचे. बघावं तेव्हा त्यातल्या एखाद्यावर नवं घर उठत असायचं, पाणी मात्र जुन्या-नव्या सगळ्यांना टँकरचंच.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. त्यांनी उभं आयुष्य बाजार समितीत धान्याचे लिलाव पुकारले होते. ते फोनवर बोलायला लागले की समोरच्या बांधकामावरचे गवंडी थापी थांबवून आमच्या घराकडे बघायचे. त्यांची खाट हॉलमध्ये माझ्या कॉम्प्युटरच्या टेबलाला लागून टाकली, कारण दुसरी जागाच नव्हती.

त्या कॉम्प्युटरवर मी शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून द्यायचे. गिऱ्हाइकं पेन ड्राइव्हमधून इतके व्हायरस आणायची की पुण्याच्या माझ्या भावानं एका दिवाळीत त्यात लिनक्स टाकून दिलं. आता यात काही शिरायचं नाही, असं तो म्हणाला आणि खरंच काही शिरलं नाही. मशीन गरीब गाईसारखं चालत होतं.

मामा आल्यावर थोड्याच दिवसांत एका सकाळी ते सुरूच होईना. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी आल्या आणि तिथंच थांबल्या. मी भावाला फोन लावला. तो म्हणाला की सुरू होताना कॉम्प्युटर डिस्कवरची फाइलींची मांडणी तपासतो. काहीतरी जुळत नाहीये, म्हणून अडून बसलाय. त्यानं एक हुकूम सांगितला, मी तो टाइप केला. मशीननं विचारलं, दुरुस्त करू का? मी वाय दाबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा दाबलं. सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मग तो आमच्या घरातला सकाळचा कार्यक्रमच होऊन गेला. मामा अंघोळ करून, चहाचा कप घेऊन शेजारच्या खुर्चीत येऊन बसायचे आणि पडद्यावरचं इंग्रजी एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचायचे. "सुपरब्लॉक लास्ट माउंट टाइम इज इन द फ्युचर." त्याचा अर्थ त्यांनाही लागत नव्हता आणि मी लावायच्या फंदात पडले नव्हते. हुकूम मी टाइप करायचा आणि वाय दाबायचा मान त्यांचा, अशी वाटणी आपोआप झाली.

पण लगेच होकार देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एकदा त्यांनी वायऐवजी एन दाबलं. मशीन पुन्हा मूळ जागी येऊन थांबलं. मी त्यांच्याकडे बघितलं.

"पहिल्या बोलीला कुणी हो म्हणतं व्हय?" ते म्हणाले. "जरा ताणून बघितलं. पण लई ताठ हाय ह्यो."

भाऊ फोनवर म्हणाला, हुकूम जरा बदलला तर सगळ्या प्रश्नांना एकदम होकार देता येतो. मामांना ते अजिबात पटलं नाही. काय विचारणार हे कळायच्या आधी होकार देणारा माणूस त्यांनी बाजारात बुडताना बघितला होता.

भावाच्या मते डिस्क मरायला टेकली होती. त्याच्या सांगण्यावरून मी सगळं काम दुसरीकडे उतरवून घेतलं, आतली वायर बदलली, डिस्कची तपासणी केली. डिस्क ठणठणीत निघाली. माझे यजमान म्हणाले, मशीन भंगारात दे. ते कुठल्याही दुरुस्तीत एवढाच भाग घेतात.

मध्ये मामा एका लग्नासाठी लासूरला गेले. ते नव्हते तेवढे दिवस कॉम्प्युटर एका दमात सुरू होत राहिला. ते परत आले, दुसऱ्या सकाळी मशीन अडलं. यजमान म्हणाले, वडीलधाऱ्यांपुढे लाजत असेल. मला हसू आलं खरं, पण किडा डोक्यात वळवळत राहिला.

गंमत अशी की एरवी मी कामाला बसले की आधी इंटरनेटचा डोंगल लावायचे. एक दिवस घाई होती म्हणून तो न लावताच एक प्रश्नपत्रिका टाइप करून ठेवली. नंतर शोधायला गेले तर ती यादीत पार तळाशी. तारीख बघितली, तर माझ्या लग्नाच्याही आधीची. तेव्हा कुठं मी मामांनी रोज वाचलेली ती ओळ नीट वाचली. मशीन एवढंच म्हणत होतं की मला शेवटचं सुरू केल्याची तारीख अजून यायची आहे, हे कसं काय?

म्हणजे त्याचं घड्याळ रोज रात्री मागं जात होतं. डोंगल लावला की इंटरनेटवरून ते ताळ्यावर यायचं, म्हणून मला दिवसभर पत्ता लागत नव्हता. भावाला विचारलं, तर तो हसत सुटला. कॉम्प्युटरच्या आत एक गोल चपटा सेल असतो. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. आमचा सेल कधीच संपला होता, पण भिंतीवरचं बटण चालू असलं की घड्याळाचं निभत होतं.

"मामा, रात्री भिंतीवरचं बटण तुम्ही बंद करता का?"

"रोज," ते अभिमानानं म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, की विहिरीवरचं बटण एकदा चालूच राहिलं, मध्यरात्री वीज आली आणि मोटर कोरडी फिरून जळाली. "तवापासून चालू बटण दिसलं की झोप लागत नाय."

मी पैठण गेटजवळच्या घड्याळवाल्याकडून तसला सेल आणला. त्यानं घड्याळ दाखवा म्हटलं. ते टेबलाखाली मावणारं आहे, असं सांगितल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. घरी कॉम्प्युटरचा डबा उघडला, मामांनी टॉर्च धरला आणि नखानं उचकटून मी जुना सेल काढला. तोवर त्यांच्या सगळं ध्यानात आलं होतं.

"म्हंजी इतके दिस मीच त्याला मागं ढकलत व्हतो?"

"तुम्ही बटण खुशाल बंद करा," मी म्हटलं. "आता त्याचं तो बघेल."

सकाळी मशीन थेट सुरू झालं. मामा चहाचा कप घेऊन उभेच राहिले. "आज काईच इचारलं नाय," ते म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन बसले. मला उगीचच अपराध्यासारखं झालं. दुपारी मी टाइप केलेली प्रश्नपत्रिका त्यांच्या हातात दिली आणि चुका काढायला सांगितल्या. ते लिलावाच्या आवाजात वाचू लागले, आणि खरोखर चुका सापडू लागल्या.

एकदा गणिताची प्रश्नपत्रिका वाचताना ते अडले. एक नळ हौद तीन तासांत भरतो, दुसरा पाच तासांत. त्यांनी विचारलं, गाव कोणतं? मी हसले. पण संध्याकाळी गणिताच्या बाई प्रश्नपत्रिका न्यायला आल्या, तेव्हा मामांनी तोच प्रश्न त्यांना घातला. बाई आमच्याच वसाहतीतल्या, सकाळपासून टँकरची वाट बघून आलेल्या. त्यांनी पर्समधून पेन काढलं, नळ खोडले आणि त्या जागी टँकर लिहिले.

मी ते टाइप करत असताना मामा मागून म्हणाले, "ड्रायव्हर येळंवर आला असं धरा, हे पण लिही. नाय तर पोरांना गणित सुटायचं नाय."