वहिनींना कसा वाटला?

बोट बंदराबाहेर नांगर टाकते, माणसं पडावातून किनाऱ्याला येतात, आणि मुंबईहून आलेला माणूस ट्रंक खाली ठेवायच्या आधी तिकडे कुठला सिनेमा लागला आहे ते सांगायला लागतो. आमच्या रत्नागिरीत सिनेमा स्वतः बघण्याआधी तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची रीतच आहे. रडवतो की हसवतो, घरच्या बायकांना न्यावं की नाही, हे सगळं आधीच ठरून गेलेलं असतं. पोस्टाच्या ओट्यावर संध्याकाळी जमणाऱ्या आमच्या मंडळीत हे ठरवण्याचा मान बरीच वर्षं माझ्याकडे होता. मी कचेरीतला साधा कारकून, पण मी 'बघा' म्हटलं की लोक जायचे आणि 'राहू दे' म्हटलं की घरी बसायचे.

ती मतं माझी नव्हती, आमच्या वहिनींची होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मी ते कधी लपवलं नाही. मला जे सलतं ते वेगळं आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना चांगलं ऐकू यायचं. माहेर चिपळूणचं, बोलायला चटपटीत. दुसऱ्या वर्षी विषमज्वर झाला आणि ताप उतरला तो दोन्ही कान घेऊन गेला. दादा मुंबईत एका पेढीवर. तो मे महिन्यात आणि गणपतीला घरी येतो. वहिनींना त्याने तिकडे कधी नेलं नाही. ट्रामची घंटा ऐकू येणार नाही, कुठे गाडीखाली सापडशील, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे त्या आमच्याकडेच राहिल्या, माझी बायको आणि मी सांभाळतो त्या घरात.

उजेडात, समोर बसून, सावकाश बोललं तर ओठांवरून त्यांना बरंचसं कळतं. नाहीच कळलं तर त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायची. पण घरात इतका वेळ कोणाला असतो. चार माणसं हसली की त्या विचारायच्या, "काय झालं?" आणि आम्ही हात हलवून सांगायचो, "काही नाही." माझ्या घरात त्यांना सगळ्यांत जास्त वेळा मिळालेलं उत्तर हेच असेल.

दिवाळीनंतर भातं घरात आली की मांडवीच्या वाटेवरच्या मैदानात सिनेमाचा तंबू यायचा. बाहेर इंजिनाची धडधड, आत मधोमध कनात, एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका. पडद्यापुढे एक पेटीवाला आणि एक तबलजी. चित्रं मुकी, मधूनमधून पडद्यावर अक्षरं यायची. बायकांत वाचणाऱ्या थोड्याच. वहिनी ती अक्षरं सगळ्यांच्या आधी वाचून मोकळ्या व्हायच्या, आणि आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसल्यामुळे कनातीपलीकडे शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलायच्या.

"ह्या मेल्याच्या मनात काहीतरी आहे. हात बघा कसे चोळतोय."

पुरुषांत हशा व्हायचा. कोणीतरी ओरडायचं, "वहिनी, पुढचं सांगा." त्यांना अर्थातच पत्ता नसायचा. एकदा नायिकेचं मूल दगावतं त्या प्रसंगात सगळा तंबू मुसमुसत होता, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "कांदा लावलाय डोळ्यांना." रडणाऱ्या बायकासुद्धा हसल्या, आणि मग पडद्याकडे बघून त्यांनाही ते पटलं.

तंबूचा मॅनेजर कोल्हापूरकडचा. पहिल्या खेळाला तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "साहेब, तेवढं वहिनीसाहेबांना जरा हळू बोलायला सांगा की."

दुसऱ्या आठवड्यात तोच म्हणाला, "त्यांना रोज आणा. तिकीट नको."

सकाळी विहिरीवर बायका त्यांच्या समोर उभ्या राहून, तोंड मोठं उघडून विचारायच्या, "वहिनी, कालचा कसा वाटला?" ओट्यावर वकील मला तेच विचारायचे. हे वकील आमच्या मंडळीत वयाने मोठे, जिभेने तिखट. "तुमचं मत राहू द्या हो," म्हणायचे, "वहिनींना कसा वाटला ते सांगा." तंबू असायचा त्या चार महिन्यांत वहिनींना कोणाला 'काय झालं' म्हणून विचारावं लागत नसे. उलट लोकच त्यांना विचारत.

मग एका मे महिन्यात दादाला रजा मिळाली नाही म्हणून मीच त्याच्याकडे मुंबईला गेलो आणि बोलपट पाहिला.

मी किती हरखून गेलो ते आता लिहायचीही लाज वाटते. पडद्यावर दार लागलं आणि ते लागल्याचा आवाज आला. बाई चालली आणि पैंजण वाजले. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने परत आलो आणि तो सगळा पावसाळा मी दुसरं काही बोललो नाही. जो भेटेल त्याला सांगत सुटलो की मुक्या चित्रांचे दिवस संपले, आपल्याकडे हे आलंच पाहिजे. दसऱ्यानंतर मॅनेजर जागा बघायला आला तेव्हा वकिलांना आणि आणखी दोघांना घेऊन मीच त्याच्याकडे गेलो.

"आवाजाचं मशीन म्हणजे खर्चाचं काम हाय," तो म्हणाला. "लोक येतील का?"

"मी सांगतो, येतील."

"आणि वहिनीसाहेब?"

ते त्याला सुचलं, मला नाही. मी म्हटलं, "चित्र तर तेच असणार. दिसेल की त्यांना."

पहिल्या बोलपटाला वहिनी नवं लुगडं नेसून आल्या. कनातीपलीकडून त्यांचा एक शब्द आला नाही. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही, कारण पडद्यामागचा कर्णा एवढा मोठ्याने गात होता. घरी आल्यावर कंदिलाच्या उजेडात त्यांनी मला विचारलं, "आज अक्षरं का नव्हती?"

"आता ती माणसं बोलतात ना."

"ते दिसलं मला. पण सगळी खांबासारखी उभी राहून बोलतात. आणि मधे ठेवलेल्या त्या फुलदाणीशी काय बोलतात? एकमेकांकडे बघतही नाहीत."

मी चिडलो. त्या सिनेमासाठी मी एवढी खटपट केलेली, गावात माझी वाहवा चाललेली, आणि ह्या फुलदाणी काढून बसल्या. दुसऱ्या दिवशी ओट्यावर वकिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "काय, वहिनींना कसा वाटला?"

मी म्हटलं, "फुलदाणी आवडली."

सगळे पोट धरून हसले. त्यानंतर ओट्यावर तो प्रश्न कोणी विचारला नाही. आवाज पकडायचं यंत्र अशा फुलदाणीतच दडवून ठेवत, हे मला फार पुढे एका मुंबईकराकडून कळलं. तोवर विहिरीवरच्या बायकाही आपापसांत गाणी गुणगुणायला लागल्या होत्या.

मी काहीच केलं नाही असं नाही. बायकोला सांगितलं, शेजारी बसतेस तर त्यांना तळहातावर लिहून सांगत जा. एका खेळानंतर ती म्हणाली, "अहो, मी गाणं ऐकू की हातावर गिरवू? मीही कधीतरीच घराबाहेर पडते. तुम्ही येऊन बसा कनातीच्या ह्या बाजूला." तिचं खरं होतं. मला तिथे बसता येत नव्हतं, आणि काळोखात वहिनींना ओठ दिसत नव्हते.

मग मी दुसरी युक्ती काढली. नवा सिनेमा लागला की पहिल्या दिवशी मी एकटा जायचो, दुसऱ्या दिवशी त्यांना पाटीवर सगळी गोष्ट लिहून द्यायचो आणि संध्याकाळी त्यांना पाठवायचो. म्हणजे काय चाललंय ते त्यांना आधीच ठाऊक असेल. ह्यात माझी बरीच मेहनत व्हायची आणि मला वाटायचं की ह्याने फेड होते आहे. त्या नको म्हणत नसत. पाटी वाचायच्या, पुसायच्या, परत द्यायच्या. तंबूतून आल्यावर मी विचारलं तर "बरा होता" म्हणायच्या. ज्या बाईने रडणाऱ्या तंबूला कांद्यावरून हसवलं तिचं हे मत.

एकदाच त्या नीट बोलल्या. एक सरदार आपल्याला फसवणाऱ्या मेहुण्याला शेवटी क्षमा करतो, असा तो सिनेमा होता. मी पाटीवर तसं लिहिलं होतं. परत आल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही लिहिलंत की तो क्षमा करतो. कुठे केली?"

"शेवटी. मिठी मारतो तेव्हा."

"तोंड बघितलंत त्याचं? तो उद्या त्याला मारेल."

"अहो वहिनी, तो स्पष्ट म्हणतो, मी तुला क्षमा केली म्हणून. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"मग खोटं म्हणाला."

मी पुन्हा समजावलं. हातावर लिहिलं, पाटीवर लिहिलं. पाटीवर इतक्या जोरात की पेन्सिल मोडली. त्यांनी मोडलेला तुकडा उचलून पाटीवर ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही मला गोष्ट सांगता. मुक्या सिनेमात गोष्ट मला कोणी सांगायला लागत नव्हतं, एवढंच बरं होतं त्यात."

तरीही मी पाटी सोडली नाही. दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं. न्यायचंच थांबवलं असतं तर त्या घरीच बसल्या असत्या, आणि नेत होतो तर त्या तिथे नुसत्या बसत होत्या. मॅनेजरला विचारलं, आठवड्यातून एकदा तरी जुनं मुकं चित्र लावशील का. तो म्हणाला, "साहेब, लावलं तर लोक तंबू जाळतील. तुम्हीच त्यांना चटक लावली." त्यातही त्याचं खरं होतं.

यंदा शिमग्याच्या सुमाराला एक नवा बोलपट लागला. ओट्यावर मी त्याची तारीफ केली होती आणि लांबून, पूर्णगडहूनसुद्धा, माणसं आली होती. तंबू भरला. सिनेमा रंगात आला, दोन भाऊ समोरासमोर आले, आणि कर्णा एकदा खरखरून बंद पडला. चित्र चालू, आवाज नाही.

शिट्ट्या सुरू झाल्या. लोक उठून उभे राहिले, मागे वळून मशीनवाल्यावर ओरडायला लागले. माझ्या शेजारचा म्हणाला, "हाच का तुमचा बघण्यासारखा सिनेमा?" मी ओशाळा होऊन मशीनकडे धावलो. खारी हवा लागून काही गंजलं असेल, असं तिथे कोणी सांगत होतं. मॅनेजर कपाळाचा घाम पुसत होता.

त्या गदारोळात कनातीपलीकडून, पुष्कळ दिवसांनी, तो उंच एकसुरी आवाज आला.

"धाकट्याला सगळं माहीत आहे. मुद्दाम गप्प बसलाय."

कोणीतरी हसलं. कोणी म्हणालं, "वहिनी बोलल्या." काही जण खाली बसले. वहिनी बोलत होत्या, कोणाला काय कळलं आहे आणि कोण काय दडवतो आहे ते सांगत होत्या. मीही ते ऐकत होतो, पण माझे डोळे मशीनवाल्याच्या हातावर होते. मग कर्णा पुन्हा खरखरला, आवाज आला, सगळ्या तंबूने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या टाळ्यांत आणि गाण्यात वहिनींचं बोलणं बुडून गेलं. त्या किती वेळ बोलत होत्या ते मला ठाऊक नाही.

सकाळी त्या मागच्या पडवीत ओले काजू सोलत बसल्या होत्या. चिकाने कातडी जाते म्हणून हाताला तेल चोळलेलं. मला बघून त्यांनी विचारलं, "काल मधेच लोक का उठले होते?"

'काही नाही' माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांचे हात तेलकट, तळहातावर लिहिता येईना. समोर बसलो आणि सावकाश म्हटलं, "आवाज बंद पडला होता."

"मग?"

"मग नुसतं चित्र चालू होतं. बराच वेळ."

त्यांनी हातातला काजू खाली ठेवला. "म्हणजे तेवढा वेळ तुम्हां सगळ्यांना माझ्यासारखंच होतं."

"हो."

"मग तेवढा भाग कसा वाटला?"

टोमणा नव्हता. विहिरीवरच्या बायका पूर्वी त्यांना विचारत तसंच त्यांनी विचारलं होतं. मी सांगितलं की मी तो बघितला नाही, मी मागे मशीनकडे बघत होतो.

"आणि बाकीचे?"

"तेही. बरेचसे."

"तेवढाच बघण्यासारखा होता," त्या म्हणाल्या आणि पुढचा काजू उचलला. काय होतं त्यात, असं मी विचारलं. त्यांनी तेलकट हात हलवला. म्हणाल्या, "काही नाही."

त्या संध्याकाळी मी कानांत कापूस घालून पुन्हा तंबूत गेलो. पुरुषांच्या बाजूला, शेवटच्या बाकावर, कोणाला दिसू नये असा. दोन भाऊ समोरासमोर आले तेव्हा मी धाकट्याच्या तोंडाकडे नीट बघायला लागलो. त्याला सगळं माहीत आहे का, ते मला शोधायचं होतं. पण कापसातूनही शब्द येत होते, आणि शब्द आले की मी बघायचं विसरत होतो. मग गाणं सुरू झालं. आणखी थोडा कापूस कोंबला. तेव्हा लक्षात आलं की खाली माझा पाय ताल धरून हलतो आहे.