तोफ आणि जवळचा झेंडा

क्लबात तिला सगळे ‘तोफ’ म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दिवसभर पडदे शिवणारी, जाड कापडाचे गठ्ठे खांद्यावर टाकून जिने चढणारी बाई. तिनं मोठी काठी फिरवली की गोल्फचा चेंडू दिसेनासाच व्हायचा. माळीकाका टोपी काढून सलाम ठोकायचे. पण झेंडा हाकेच्या अंतरावर आला की तोफेची गाळण उडायची. चेंडू हिरवळीच्या या कडेवरून त्या कडेला, तिकडून पुन्हा इकडे.

“वहिनी, भोक मध्ये आहे बरं का,” नणंद गोड आवाजात सांगायची.

नणंद दातांची डॉक्टर. मूर्ती एवढीशी, मनगट लोण्यासारखं, आणि जवळच्या फटक्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. त्यामुळे क्लबच्या जोडीच्या सामन्यात दरवर्षी भाऊ-बहीण खेळायचे आणि तोफ पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. यंदा मात्र तिनं कंबर कसली.

“अहो, या वेळी तुमच्याबरोबर मी खेळणार.”

नवऱ्याला बायको आणि बहीण, दोघींची सारखीच भीती. त्यानं हळूच अंग काढून घेतलं. “छोट्या मैदानावर दोघी खेळा. जिंकेल ती माझी पार्टनर.”

छोटं मैदान म्हणजे नऊच भोकं, तीही जवळजवळ. तिथं मोठी काठी बाहेरच ठेवायची. थोडक्यात, तोफेतली दारूच काढून घेतलेली!

ती हट्टाला पेटली. शिवण आटोपली की दिवाणखान्यातल्या गालिच्यावर सराव सुरू. समोर आडवी केलेली कपड्यांची टोपली, डावीकडे काचेचं कपाट, उजवीकडे विणकाम घेतलेल्या सासूबाई. भार पुढच्या पायावर, काठी गुडघ्यापर्यंतच मागे, आणि नजर टोपलीवर नाही, चेंडू पहिल्यांदा टेकायचा त्या जागेवर. तिथं ती हातरुमाल पसरायची.

“अगं हळू, माझं कपाट!”

“आई, कपाटाला धक्का लागणार नाही.”

“आणि मला?”

हळूहळू चेंडू रुमालावर टेकून शहाण्यासारखा टोपलीत जाऊ लागला.

सामन्याच्या दिवशी मात्र पहिल्याच भोकाला चेंडू झुडपात, दुसऱ्याला थेट माळीकाकांच्या बादलीत. आभाळ मोकळं, रान मोकळं, फुटण्यासारखं काहीच नाही. मग हात आवरणार कशाला? नणंद दोन भोकं पुढे गेली. पुन्हा बाटल्याच नशिबात, असं वाटून तोफेचा चेहरा उतरला.

विणकाम घेऊन सामना बघायला आलेल्या सासूबाईंच्या बरोबर लक्षात आलं. घडीची खुर्ची उचलून त्या तरातरा निघाल्या आणि झेंड्यामागे ठाण मांडून बसल्या.

“हं, आता मार.”

“आई!” नणंद ओरडली. “तू नक्की कोणाच्या बाजूची?”

“मी उन्हाच्या बाजूची. पाठ शेकतेय.”

“आजी, तिथं बसू नका,” माळीकाका धावत आले, “चेंडू लागेल!”

“मग ते तिला सांगा.”

तोफेचा हात आपोआप लहान झाला. चेंडू अलगद उडाला, टेकला आणि घरंगळत झेंड्याशी जाऊन थांबला. पुढच्या भोकाला सासूबाई पुढे, विणकाम बगलेत, खुर्ची हातात. त्याच्या पुढच्यालाही तेच. नणंदेला हसू आवरेना, आणि हसताना कुणाचंच मनगट लोण्यासारखं राहत नाही. आठव्या भोकाला दोघी बरोबरीत आल्या.

शेवटच्या भोकाशी नणंदेचा चेंडू वीतभर अलीकडे थबकला. आता तोफेची पाळी. तिनं हिरवळीच्या कडेवरून टेकायची जागा हेरली, श्वास रोखला आणि चेंडू सोडला. टेकला, वळला, आत! तिनं काठी फेकली, नणंदेलाच उचललं आणि गरगर फिरवलं.

“सोड गं, चष्मा पडेल माझा!” नणंद हवेतून किंचाळली.

नवरा हात पसरून पुढे आला. “चला, पार्टनर!”

तोफ धापा टाकत म्हणाली, “विचार करून सांगते.”

“म्हणजे?”

“मला नको का चांगला जोडीदार? ताई, तुम्ही मोकळ्या आहात ना?”

“कधीची!”

“अरे, हे काय! जवळचं मलाही जमतं,” म्हणत त्यानं काठी उचलली आणि चेंडू कडेला मांडला.

झेंड्यामागे बसलेल्या सासूबाईंनी घाईघाईनं विणकाम गुंडाळलं.

“तू मारतोयस? थांब, आधी मला उठू दे.”